तिन्हीसांजेचा आकडा

बोरीवली पूर्व
२ जुलै २०२४

अनुपमा,

आशीर्वाद वगैरे लिहीत नाही. आशीर्वाद द्यायला आधी राग जावा लागतो, आणि माझा गेलेला नाही. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस, फोन उचलत नाहीस. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र.

घाबरू नकोस, पाच वर्षांपूर्वीचं उकरून काढायला बसलेली नाही मी. ते सगळं आईच्या बाराव्याला अख्ख्या वाडीसमोर बोलून झालंय. मी रोज संध्याकाळी गावी फोन करत होते आणि तू रोज सांगत होतीस, "आई बरी आहे गं ताई." मी पोचले तेव्हा तिची राख भरायचं काम चाललं होतं. सख्ख्या बहिणीने मला आईचं तोंड बघू दिलं नाही. एवढंच. संपलं. परत काढणार नाही.

आता माझं. गेल्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला. तुला देवगडात बसून कुणाकडून तरी कळलं असणारच, गावात असल्या बातम्यांना रेंज लागत नाही. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं. रिपोर्ट स्वच्छ आले. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बऱ्या झालात. मग हा थकवा कसला मेला? रात्रभर झोपून उठलं तरी दमलेली. कणीक मळायला घेतली की अर्ध्यात हात गळतात. तुझे भावजी म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग आता मनाने उभारी धर." मनाने कणीक मळता आली असती तर आणखी काय हवं होतं!

तर अंधेरीच्या ज्या इस्पितळात माझे उपचार झाले, तिथेच या थकव्यावर संशोधन चाललंय. कॅन्सरवाले, किडनीवाले, संधिवातवाले, सगळ्यांच्या थकव्यावर. त्यातल्या दीप्ती नावाच्या मुलीने मला सांगितलं, "काकू, हा खराखुरा आजार आहे. आळस नाही." आणि मी तिच्यासमोर ढसाढसा रडले. मी! टेलिफोन खात्यात तीस वर्षं जिला सगळे तोफ म्हणायचे, ती. वर्षभरात माझ्यावर विश्वास ठेवणारं पहिलं माणूस ते, घाटकोपरची चोवीस-पंचवीस वर्षांची पोर.

त्यांनी आमचे दोन गट पाडलेत, चिठ्ठ्या टाकल्यासारखे. एका गटाला नुसती माहितीपुस्तिका. दुसऱ्याला दर गुरुवारी व्यायाम आणि समुपदेशन. मी दुसऱ्यात. आणि सगळ्यांना दर सोमवारी संध्याकाळी सातला दीप्तीचा फोन. एकच प्रश्न: शून्य म्हणजे थकवा नाहीच, दहा म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे, तर आज किती? सातच का, तर दिवस सरताना थकवा खरा कळतो म्हणे. आकडा सात किंवा वर गेला की दुसऱ्या दिवशी बोलावून रक्त, स्कॅन सगळं करतात. थकव्याच्या आड दुसरं काही दडलेलं नाही ना, हे बघायला. म्हणजे आमच्यावर चांगलं लक्ष आहे.

समुपदेशनाच्या बाईंनी गृहपाठ दिलाय. काय चाललंय ते अधूनमधून कुणा जवळच्या माणसाला लिहून कळवायचं. मी तुला निवडलं, कारण तुला उलट उत्तर देता येत नाही.

उत्तरा


८ ऑगस्ट २०२४

अनुपमा,

आमसुलं मिळाली. राष्ट्रीय उद्यानाच्या गेटाशी बसवाल्याने तुझ्या भावजींच्या हातात पुडकं दिलं. चिठ्ठी नव्हती. मी पुडकं तीनदा उलटं करून झटकलं. असो. सोलकढी मात्र झकास झाली.

आज गुरुवार, आत्ताच अंधेरीहून आले. देवीपाड्याला मेट्रोत बसायचं, गुंदवलीला उतरायचं, बसायला जागा मिळते. व्यायाम म्हणजे तरी काय, खुर्चीतून हात न टेकता उठायचं, परत बसायचं, रबरी पट्टा ओढायचा, हळूहळू चालायचं. मला वाटलं, दमलेल्या माणसाला आणखी दमवून काय साधणार, डोंबल? पण खोटं कशाला बोलू, फरक पडलाय. परवा तीन जिने एकदाच थांबून चढले. खालच्या शहाबाई बघत राहिल्या. बिल्डिंगमधल्या बायकांना मी चालताना दिसले की वाटतं भावजी मला राबवतात. एकीने तर त्यांना तोंडावर सुनावलं, "आजारी बाईला पायपीट कसली करायला लावता?" बिचारे रडकुंडीला आले.

गटात एक मैत्रीण मिळालीय. मृणालिनी सामंत, मुलुंडची. तिला रक्ताचा कॅन्सर होता, आता औषधावर आहे. मूळची वेंगुर्ल्याची, त्यामुळे आमचं पहिल्याच दिवशी जमलं. तिला मोठ्याने हसायची खोड आहे. व्यायाम शिकवणारा पोरगा "श्वास सोडा" म्हणाला की ही "सोडला तर परत मिळेल ना रे?" म्हणते आणि सगळा वर्ग खिदळतो.

आज कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी तिला विचारलं, "सोमवारी तू किती सांगतेस गं?"

"दोन," म्हणाली.

"खरंच दोन?"

"खरे किती ते देवाक ठाऊक. पण तिनसांजेक, दिवो लावताना, घरात उभी रवान 'नऊ' कोण म्हणात बाये? वास्तू तथास्तु म्हणता."

आणि आम्ही दोघी हसलो, कारण मीसुद्धा तेच करते. तुला वेगळं सांगायला नको. लालबागच्या खोलीत आईने आपल्याला किती वेळा दटावलं असेल. दिवेलागणीला घराची वास्तू सगळं ऐकत असते आणि जे बोलाल त्याला 'तथास्तु' म्हणते, तसंच घडतं. 'मेले', 'दमले', 'संपलं' म्हटलेलं तिला चालायचं नाही. तू एकदा सातच्या सुमाराला "पोट दुखून मरतेय" म्हणालीस तर तुझ्या तोंडावर फटका बसला होता. पोटदुखीपेक्षा तोच जास्त लागला.

गेल्या सोमवारी मी दीप्तीला तीन सांगितलं. सकाळी विचारलं असतं तर पाच सांगितलं असतं. दोनाचा फरक. त्याने कुणाचं काय बिघडतंय? पोरगी खूश होते, "काकू, मस्त इम्प्रूव्हमेंट!" म्हणते. भावजी समोर बसलेले असतात, त्यांचाही चेहरा सैल पडतो.

उत्तरा


१२ सप्टेंबर २०२४

अनुपमा,

कुळथाचं पीठ मिळालं. चिठ्ठी याही वेळी नाही. आता मी शोधत नाही.

गणपतीला गावी येणार होते. खरंच येणार होते, तिकिटं काढली होती. मग म्हटलं, बसचा रात्रभराचा प्रवास, आणि दारात तू उभी. दोन्ही एकदम झेपणार नाही. भावजींना सांगितलं, हवा दमट आहे, पाठ धरेल. तिकिटं रद्द केली.

इथे मोदक विकत आणले. हसू नकोस. उकड काढायला उभं राहायचं म्हणजे तासभर गेला, आणि मला त्या दिवशी कंटाळा आला होता. आरतीला खुर्ची घेतली, कारण पाठ. व्यायामाच्या रबरी पट्ट्याने पाठ धरलीय, दुसरं काही नाही. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली. शेकलं की बरं वाटतं.

गौरी जेवायच्या दिवशी आईची आठवण आली. ती गौरीला "माहेरवाशीण दमून आलीय, तिला आधी बसाक द्या" म्हणायची. देवीला दमलेलं चालतं बघ. बायकांना चालत नाही.

सोमवारी तीन सांगितलं. भावजी निरांजन लावत होते. हल्ली दिवा तेच लावतात, माझे गुडघे जरा कुरकुरतात म्हणून.

तू अजून त्याच शाळेत आहेस का? पोरं त्रास देतात का? उत्तर नको. सहज विचारलं.

उत्तरा


६ नोव्हेंबर २०२४

अनुपमा,

पाकिटावरचा पत्ता भावजींच्या अक्षरात बघून दचकली असशील. काही नाही गं, माझं अक्षर हल्ली वाकडंतिकडं येतं, पोस्टमनला लागायचं नाही. पत्र मात्र मीच लिहितेय. कालपासून लिहितेय.

दिवाळी झाली. फराळ सगळा विकतचा. चकल्या चांगल्या होत्या. भाऊबीजेला भावजींची बहीण आली, म्हणाली, "वहिनी, किती बारीक झालात, मस्त!" मी थँक्यू म्हणाले.

जेवण कमी झालंय, पण वयाप्रमाणे होतंच. न्हाणीघरात स्टूल ठेवलंय, फरशी निसरडी झालीय म्हणून. भाजी कुकरमध्येच करते, चांगली शिजते. दुपारी जरा आडवी होते ती उठेपर्यंत दिवे लागतात. व्यायामाला गेले दोन-तीन गुरुवार गेले नाही. दिवाळीची गर्दी.

मृणालिनीही येत नाहीये असं दीप्ती म्हणाली. पण सोमवारी फोनवर ती 'दोन' सांगते, हसते, विनोद करते. मग ठीक असेल. मी तिला एकदा फोन केला तर तिच्या सुनेने, राधाने घेतला. म्हणाली, आई झोपल्यात. दुपारी बाराला.

भावजी परवा म्हणाले, "उत्तरा, येत्या सोमवारी तिला पाठीचं सांग ना." मी ओरडले त्यांच्यावर. "तुम्ही गप्प बसा, सगळ्यात नाक खुपसायची गरज नाही." तुला माहीतच आहे, माझा आवाज चढला की घरात कुणी बोलत नाही. फार उपयोगी पडतो तो.

आणि खरं सांगू? सोमवारी मी 'तीन' म्हणते तेव्हा ते दिवा लावता लावता ऐकत असतात. मग काडी विझवतात, हात जोडतात आणि रात्री दोन घास जास्त जेवतात. मी त्यांना तेवढंही देऊ नको का?

तुला चिठ्ठी लिहायला होत नसेल तर नको लिहूस. पुडकं पाठव पण.

उत्तरा


२३ नोव्हेंबर २०२४

अनू,

मृणालिनी गेली.

सोमवारी संध्याकाळी तिने दीप्तीला 'दोन' सांगितलं. बुधवारी पहाटे तिला इस्पितळात नेलं आणि दुपारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, रक्तात काही उरलंच नव्हतं, जंतूंनी डाव साधला. महिनाभर आधी आणली असती तर रक्त चढवता आलं असतं, औषध बदलता आलं असतं. महिनाभर आधी ती दीप्तीला काय सांगत होती? दोन.

काल मुलुंडला जाऊन आले. रिक्षाने गेले, भावजी बरोबर होते. राधा माझा हात धरून म्हणाली, "मावशी, आईंचा हात केस विंचरायलाही वर जात नव्हता. मी विंचरायचे. आम्ही रोज म्हणायचो, डॉक्टरांकडे जाऊ या. तर त्या म्हणायच्या, अगं, त्यांचा सोमवारी फोन येतो ना, त्यांचं लक्ष आहे माझ्यावर. काही असतं तर त्यांनी बोलावलं नसतं का?"

ऐकलंस? त्यांचं लक्ष आहे. मीही तुला पहिल्या पत्रात हेच लिहिलं होतं.

तिथून मी भावजींना म्हटलं, रिक्षा अंधेरीला घ्या. दीप्ती तिच्या खुर्चीत बसली होती, मला बघून हसली, काकू म्हणाली. मी तिला जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. "तू घाटकोपरच्या चाळीत वाढलीस ना? तुझ्या घरी दिवा लावतात ना संध्याकाळी? मग दिवेलागणीला मराठी बाईच्या घरात फोन करून, किती मेलीस असं विचारतेस आणि ती खरं सांगेल असं तुला वाटतं? कुठे शिकलीस गं हे?"

तिला आधी कळेना. मग कळलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "काकू, माझी आजी पण... आमच्याकडे सातला कुणी शिंकलं तरी ती ओरडते. मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं, पण डोक्यातच आलं नाही. इथे ऑफिसात दिवा नसतो ना. प्रश्न कागदावर होता, मी वाचत गेले." आणि रडायला लागली. "वाट लागली काकू, सगळ्यांचीच उत्तरं..."

मला तिची दया आली नाही. आज येतेय.

तिने लगेच मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. माणूस शहाणा निघाला. आज सकाळी सगळ्यांना परत फोन केले, सकाळी, एकेकाला. दीप्तीने मला दुपारी कळवलं, कुणाचे दोनाचे सहा झाले, कुणाचे तिनाचे आठ. जोगेश्वरीच्या एका बाईला तर आजच दाखल करून घेतलं. शितावरून भाताची परीक्षा करायला निघाले होते बिचारे, आणि आम्ही सगळ्याजणी त्यांच्या हातात दुसऱ्याच भांड्यातलं शीत ठेवत होतो.

मलाही फोन आला होता. सकाळी नऊला, लख्ख उजेडात, भावजी दूध आणायला गेलेले असताना. "काकू, प्लीज खरं सांगा. किती?"

मी म्हटलं, "चार."

आता लिहितेय तर सगळंच लिहिते. मला वाटलं होतं सगळा दोष त्या सातच्या फोनचा. पण सकाळीसुद्धा माझं तोंड उघडलं नाही. रोज संध्याकाळी खोटं बोलत गेलं की सकाळी खरं बोलायला तोंडच उरत नाही. खरं सांगायचं म्हणजे आधीचं सगळं खोटं होतं हेही सांगायचं. ते कसं सांगणार?

आणि हे लिहिता लिहिता मला तू दिसलीस. आई खाटेवर, देवघराच्या बाजूला, आणि फोन तिथेच कोनाड्यात, कारण घरात तेवढीच जागा जिथे रेंज लागते. मी कधी फोन करायचे गं? ऑफिस सुटलं की घरी यायचे, हातपाय धुवायचे, दिवा लावायचे आणि मग तुला फोन. रोज सातला. "आई कशी आहे?" असं मी रोज दिवेलागणीला विचारायचे, आणि पलीकडे आई डोळे उघडे ठेवून ऐकत असणार. तिने तुला डोळ्यांनी दटावलं असेल ना? "तिनसांजेक वायट बोला नको गो." बोलता येत होतं का तिला तेव्हा? तेही मी कधी विचारलं नाही.

मी माफी मागत नाहीये, लक्षात ठेव. तू सकाळी का फोन केला नाहीस, हा राग अजून आहे. फक्त आता मला त्याचं उत्तर माहीत आहे, आणि ते माहीत असून राग धरणं जड जातंय.

पाठ फार दुखतेय. व्यायामाचा पट्टा मी सप्टेंबरपासून हातात धरलेला नाही.

उत्तरा


३ डिसेंबर २०२४

अनू,

काल सोमवार होता. आता फोन सकाळी येतात. सकाळी भावजींनी उचलला, मी झोपलेली होते. दीप्ती म्हणाली, संध्याकाळी परत करते.

सातला वाजला. भावजी देवापुढे बसले होते, समईत तेल घालत होते. मी पलंगावर होते, फोन माझ्या कानाला. तिने काही विचारायच्या आधीच म्हणाली, "काकू, ही वेळ नको असेल तर मी उद्या..."

मी म्हटलं, "नऊ."

भावजींचा हात तिथेच थांबला. "उत्तरा! तिन्हीसांजा झाल्यात."

"झाल्यात ना? होऊ देत. नऊ आहे. दहा सांगायचा होता, पण दहाला काय होतं ते मला अजून माहीत नाही. पाठ दुखतेय तीन महिने. जेवण जात नाही. आंघोळ बसून करते. मुलुंडहून आल्यापासून जिना उतरलेली नाही. मी दमलेय हो. मी फार दमलेय."

ती पोर म्हणाली, "काकू, उद्या सकाळी या. मी स्वतः गाडी पाठवते."

भावजींनी समई लावली. मग माझ्याजवळ येऊन बसले, माझे पाय मांडीवर घेतले आणि चेपत राहिले. मला वाटलं होतं मी खरं बोलले तर हा माणूस कोसळेल. तो कोसळला नाही. म्हणाला, "मला माहीत होतं. तू तीन म्हणायचीस, मी विश्वास ठेवायचो. दोघांनी मिळून केलं हे." मग म्हणाला, "तुला ओरडताही येत नाही आता नीट. त्यावरून कळलं होतं."

वास्तूने तथास्तु म्हटलं का, ते मी ऐकलं नाही. म्हटलं असेल तर माझ्या आधीच म्हटलं असणार.

आज स्कॅन झाला. रिपोर्ट यायचाय.

ताई


१५ डिसेंबर २०२४

अनू,

रिपोर्ट आला. परत आलाय. कण्यात आणि यकृतात. डॉक्टर सरळ बोलतात, मला आवडतं. मी विचारलं, "सप्टेंबरात आले असते तर?" ते म्हणाले, "तर आणखी काही करता आलं असतं. किती, ते मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, आता? म्हणाले, दुखणं कमी ठेवू, थकवा कमी ठेवू, जेवढा वेळ आहे तेवढा बरा जाईल असं बघू. किती वेळ, तर हात हलवला. महिने मोजायच्या भानगडीत मी पडले नाही. पण वर्ष नाही, एवढं मला कळलं. रडायचं ते रिक्षात रडून झालं. भावजी अजून रडतात, नळ सोडून.

औषधाने पाठीला उतार आहे. म्हणून आज अक्षर बरं आलंय. पत्ताही मीच लिहिणार आहे.

दीप्ती परवा घरी आली होती. भर दुपारी आली, मुद्दाम. म्हणाली, आता त्यांच्या संशोधनात फोन सकाळीच होणार, आणि आधीचे सगळे संध्याकाळचे आकडे बाजूला काढलेत. पाच महिन्यांचं काम पाण्यात. वरिष्ठ तिच्यावर चिडले का, विचारलं तर म्हणाली, "चिडले असते तर बरं झालं असतं काकू." मृणालिनीच्या घरी जाऊन आली म्हणे. राधाने तिला चहा दिला. मी तिला सोलकढी प्यायला दिली, तुझ्या आमसुलांची. तिला म्हटलं, "पहिल्या दिवशी तू माझ्यावर विश्वास ठेवलास, ते मी विसरलेली नाही. खोटं मी बोलले, तू नाहीस." तेवढं तिला द्यायलाच हवं होतं.

आता तुझ्याशी. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मला नव्हती, या सहा महिन्यांत लागली. गृहपाठ, गृहपाठ म्हणून मी तुला पत्रं लिहीत राहिले. गृहपाठ दोनच पत्रांचा होता गं. बाकीची मीच लिहिली. प्रत्येक पत्रात मला एकच वाक्य लिहायचं होतं आणि प्रत्येक वेळी मी पाठ, गुडघे, निसरडी फरशी असलं काही लिहून पाकीट बंद केलं. तुला ते वाचताना कळत होतं, हो ना? पुडक्यात चिठ्ठी का नव्हती, तेही मला आता कळतंय. माझं खोटं वाचून तू खरं काय लिहिणार होतीस?

तर ते वाक्य असं: मी मरतेय अनू, आणि मला तू हवी आहेस.

रात्रीच्या बसमध्ये बसलीस की सकाळी उद्यानाच्या गेटाशी उतरशील. भावजी घ्यायला येतील. शाळेत रजा टाक, किती दिवसांची ते विचारलं तर खरं सांग. काही आणू नकोस. आमसुलं आहेत, कुळीथ आहे, मला आता त्यातलं फारसं जातही नाही. आल्यावर तुला भांडायचं असेल तर भांड, माझा राग आहे तिथेच आहे, थोडा दमलाय इतकंच. आणि आई शेवटी काय बोलली ते मला सांग. सगळं सांग. मला राख नको होती, ते ऐकायचं होतं, पाच वर्षं.

आईच्या वेळी मला कुणी सांगितलं नाही. मी तुला सांगितलंय, अजून उठून बसता येतंय तोवर सांगितलंय.

निघायच्या आधी फोन कर. सकाळी कर, दुपारी कर, कधीही कर. सातला केलास तरी मी खरंच सांगेन.

तुझी
ताई